कोल्हापूरच्या रस्त्यांवरची स्पोर्ट्स गाडी : सस्पेन्शन आणि टायरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न फोनवर, व्हॉट्सअॅपवर आणि उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यावर पुन्हा पुन्हा येतात. त्यांच्या लाटा दोन. मे संपत आला की "पावसाळ्याला कुठला टायर?" आणि दिवाळीचा बोनस झाला की "गाडी खाली करायची हाय." दरवेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

इथे स्पोर्ट्स गाडी म्हणजे रोज कामावर नेता येईल अशी चपळ गाडी: पोलो जीटी, आय-२० एन लाइन, ऑक्टेव्हिया आरएस, मिनी कूपर एस, एखादी जुनी झेड-४. नुसती शोसाठी ठेवलेली किंवा ट्रेलरवरून ट्रॅकला जाणारी गाडी यात धरलेली नाही.

१. टायर आणि सस्पेन्शन दोन्ही करायचंय, पण पैसे एकाच कामापुरते आहेत. आधी काय करू?

टायर. गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या रबरावर. ब्रेक, स्टिअरिंग, इंजिनाची ताकद, सगळं तिथूनच जातं. घासलेल्या टायरवर महागडं सस्पेन्शन बसवणं म्हणजे फाटक्या चपलेला नवीन पॉलिश.

माझा क्रम असा: चांगले टायर, मग अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), मग घासलेले रबरी भाग (बुश, स्ट्रट माउंटिंग, लिंक रॉड), मग शॉकअप, आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंग. बहुतेक जण नेमकं उलट करतात, कारण पार्किंगमध्ये दिसते ती उंची; बुश कुणाला दिसत नाही. पन्नास-साठ हजार किलोमीटर झालेल्या गाडीला नवे बुश आणि कंपनीचेच नवे शॉकअप टाकले की "गाडी नवी झाली" म्हणणारे मी कितीतरी पाहिलेत. त्यातल्या अर्ध्यांना पुढे काही बदलावंसंच वाटलं नाही.

२. टायरवर "१९५/५५ आर १६ ८७ व्ही" असं असतं, त्याचा अर्थ काय?

१९५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत: १९५ चे ५५ टक्के, साधारण १०७ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १६ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ८७ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एका टायरला ५४५ किलो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत. एच असेल तर २१०, डब्ल्यू असेल तर २७०.

एवढ्या वेगाने कोण जाणार, म्हणून शेवटच्या अक्षराकडे दुर्लक्ष करू नका. वेगाची पात्रता वरची असली की टायरची बांधणीही सहसा तशी असते आणि उष्णता जास्त सोसते. भार आणि वेग, दोन्ही मूळ टायरपेक्षा कमी घ्यायचे नाहीत.

३. रुंद टायर टाकला की ग्रिप वाढते ना? किती रुंद जाऊ?

कोरड्या डांबरावर थोडी वाढते. ओल्या रस्त्यावर रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे तो लवकर तरंगतो. शिवाय वजन वाढतं, स्टिअरिंग जड होतं, मायलेज उतरतं.

माप बदलताना दोन गोष्टी बघा. पहिली, एकूण व्यास. १९५/५५ आर १६ चा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर. त्याच्या जागी २०५/५५ आर १६ टाकला तर ६३२, म्हणजे पावणेदोन टक्के मोठा. स्पीडोमीटर तेवढाच कमी दाखवणार आणि चाकाच्या कमानीत जागा कमी होणार. २०५/५० आर १६ चा व्यास ६११, दीड टक्का लहान. मी दोन टक्क्यांच्या पुढे जात नाही, आणि मोठ्या बाजूला जायचं असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवून, मागे चार माणसं बसवून टायर कुठे लागतो का ते बघतो.

दुसरी, रिमची रुंदी. १९५ चा टायर साडेपाच ते सात इंचाच्या रिमवर चालतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर भिंत फुगते आणि वळणावर टायर लोळतो. म्हणजे पैसे ग्रिपचे दिले आणि मिळाला फुगा. एक माप रुंद, त्याच रिमवर, कंपनीच्या मर्यादेत: रस्त्यावरच्या गाडीला एवढं पुष्कळ.

४. १७ इंची अलॉय टाकायचेत. चालतील का?

चालतील, पण खड्ड्यांचा हिशेब करा. १९५/५५ आर १६ ची भिंत १०७ मिलिमीटर, तर त्याच व्यासाच्या जवळ जाणाऱ्या २१५/४५ आर १७ ची ९७. फक्त एक सेंटिमीटर, पण खड्ड्याच्या काठावर रिम वाचतो की वाकतो हे तोच सेंटिमीटर ठरवतो. पावसाळ्यात आपल्याकडे अलॉयचा बेंड काढणाऱ्यांच्या दारात रांग असते, ती बहुतेक कमी भिंतीच्या टायरवाल्यांची. वाकलेला रिम सरळ होतो. चिरलेला रिम वेल्डिंग करून वापरू नका.

बोल्टचं माप आणि मधलं भोक जुळलंच पाहिजे. पोलोचं ५ बोल्ट, १०० मिलिमीटरचं वर्तुळ, मधलं भोक ५७.१. आय-२० चं ४ बोल्ट, १०० मिलिमीटर, भोक ५४.१. भोक मोठं असेल तर रिंग घालता येते, लहान असेल तर तो रिम आपला नव्हे. ऑफसेटबद्दल (रिम चाकाच्या कमानीत किती आत-बाहेर बसतो ते) १७ व्या उत्तरात.

५. आमचं गाव गगनबावड्याकडे, पाऊस बेकार. कुठला टायर घेऊ?

याचं उत्तर लांब आहे, कारण आपल्या जिल्ह्यात टायरची खरी परीक्षा इथेच होते. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण एक हजार मिलिमीटर पाऊस, गगनबावड्यात त्याच्या काही पट. आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली, कुठल्याही घाटाने उतरा: धुकं, जांभ्याची लाल माती आणि रस्त्यावरून आडवं वाहणारं पाणी.

पाण्यावर टायर तरंगतो कधी, याचं एक ढोबळ सूत्र नासाने विमानांच्या चाकांसाठी काढलं होतं. हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, नऊने गुणा. वेग नॉटमध्ये मिळतो (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). ३३ हवेला हिशेब साधारण ताशी ९५ किलोमीटर येतो, २५ हवेला ८३. हे गुळगुळीत टायरचं आहे. चांगली नक्षी असेल तर वेग वर जातो. पण दोन गोष्टी कळतात: हवा कमी ठेवली तर पाण्यावर टायर लवकर सुटतो, आणि नक्षी संपली की महामार्गाच्या साध्या वेगालाच गाडी पाण्यावर नौका होते.

कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते. पावसाळ्यासाठी मी ३ मिलिमीटरला टायर संपला असं धरतो. जूनमध्ये ३ असेल तर सप्टेंबरपर्यंत ओढायचा नाही.

प्रकाराबद्दल. टायर कंपन्यांच्या दोन जाती ओळखून ठेवा. एक आरामाची: मिशेलिनची प्रायमसी, ब्रिजस्टोनची तुरांझा. दुसरी खेळाची: मिशेलिनची पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोनची पोटेन्झा, योकोहामाची अॅडव्हान. खेळाच्या जातीतले चांगले टायर ओल्यातही उत्तम धरतात, कारण रबरात सिलिका असते आणि मधल्या खाचा खोल असतात. फक्त लवकर झिजतात आणि आवाज जास्त करतात. जवळजवळ बिननक्षीचे ट्रॅकचे टायर मात्र आपल्याकडे रस्त्यावर नकोच. ते गरम झाल्याशिवाय धरत नाहीत, आणि जुलैत घाटात ते गरम व्हायचे नाहीत.

भिंतीवर "ट्रेडवेअर" म्हणून एक आकडा असतो; २०० म्हणजे मऊ, ४०० म्हणजे टिकाऊ. पण तो आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो ठीक. दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नका.

एक आपला खास धोका: उसाचा हंगाम. ट्रॉल्या शेतातून चिखल घेऊन डांबरावर येतात, वर पाचट पडतं, आणि पहाटेच्या दवाने त्याचा साबण होतो. त्यावर धरणारा टायर कुठल्याच कंपनीने बनवलेला नाही. कारखान्याच्या रस्त्याला पाय उचला.

६. दोनच टायर बदलायला जमतंय. नवे पुढे टाकू की मागे?

मागे. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी मागेच. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, तुम्हाला कळतं, ॲक्सिलरेटर सोडला की सावरते. मागची घसरली तर गाडी फिरते, आणि ओल्या घाटात फिरलेली गाडी सावरणारे फार थोडे. टायरवाला हमखास "पुढं टाका, पुढची लवकर झिजतात" म्हणेल. झिजतात हे खरंच आहे. म्हणून आधीचे दोन पुढे घ्या, तिथे संपू द्या.

७. दुकानदार नवा टायर देतोय, पण तारीख दीड वर्षापूर्वीची आहे. घेऊ का?

भिंतीवर चार आकडी खूण असते: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. सावलीत नीट ठेवलेला वर्ष-दीड वर्षाचा टायर वाईट नसतो. किमतीत घासाघीस करा आणि घ्या. तीन वर्षांचा असेल तर नको. गाडीवरच्या टायरला सहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, रबर कडक झालेलं असतं. कमी फिरणाऱ्या हौसेच्या गाड्यांना हा रोग जास्त: टायर दिसायला नवे, धरायला लाकूड.

८. हवा किती ठेवू? नायट्रोजन भरू का?

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाआड लिहिलेली. सकाळी, गाडी फिरायच्या आधी मोजलेली. १० अंश तापमान बदललं की साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. म्हणून पुण्याहून आल्यावर गरम टायरला ३७ दिसली म्हणून हवा सोडू नका.

बाहेरच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पंपावर फुकट मिळाला तर भरा. स्वतःचा गेज मात्र घ्या. पंपावरच्या दोन गेजचं एकमत मी अजून पाहिलेलं नाही.

९. शॉकअप गेलेत हे कसं ओळखायचं?

कोपरा दाबून सोडायची जुनी चाचणी पूर्ण गेलेला शॉकअपच पकडते. अर्धा गेलेला त्यात पास होतो. त्यापेक्षा हे बघा: नळीवर तेलाचा ओला पट्टा (नुसती धूळ चिकटलेला ओलसरपणा चालतो, थेंब नाही), टायरच्या नक्षीवर हात फिरवल्यावर लागणारे उंचवटे-खळगे, आणि महामार्गावर पुलाच्या जोडावरून गेल्यावर गाडी एकदा खाली बसून थांबण्याऐवजी दोन-तीन हेलकावे घेते का.

खडखड आवाज आला की लोक शॉकअप बदलतात. तो आवाज बहुधा लिंक रॉडचा किंवा स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचा असतो, आणि ते भाग कितीतरी स्वस्त.

१०. मूळ शॉकअप ठेवून नुसत्या लोअरिंग स्प्रिंग टाकल्या तर?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. मीही हेच केलं होतं, ४० मिलिमीटर. गाडी फोटोत झकास दिसली. पन्हाळ्याला जाताना वाघबिळाच्या वळणावर एक लहानसा खड्डा लागला आणि मागचा भाग ताडकन उडाला. स्प्रिंगची हालचाल संपून गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे रबराच्या ठोकळ्यावर आपटली होती. वळणाच्या मध्यात अचानक कडक झालेलं चाक रस्ता सोडतं. त्या दिवशी समोरून एसटी नव्हती, हे नशीब.

सस्पेन्शनला दाबायला जागा लागते. समजा मूळ गाडीत चाक वर यायला ७५ मिलिमीटर जागा आहे. ३० मिलिमीटर खाली केली तर ४५ उरली. आपले गतिरोधक बघा. नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोल पाठीचा असावा. गावागावांतले किती तसे आहेत, ते कोल्हापूर–राधानगरी रस्त्याने एकदा जाऊन मोजा.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा एकच उभा खांब) असलेली गाडी खूप खाली केली की लोअर आर्म, म्हणजे चाक धरणारा खालचा आडवा दांडा, चाकाकडे वर चढतो. त्यामुळे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली उतरतो. म्हणजे गाडी खाली आली तरी वळणात झुकायची ओढ वाढते. शिवाय वळणात मिळायचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतल्या बाजूचा कल, तोही कमी होतो. दिसायला रेसिंग, चालायला उलटं.

तरीही करायचंच असेल तर १५-२० मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका, आणि खाली केलेल्या गाडीसाठीच बनवलेला आखूड शॉकअप घ्या. बिल्स्टाइन कंपनीच्या शॉकअपमध्ये मूळ उंचीसाठी बी-६, खाली केलेल्या गाडीसाठी बी-८. बी-१२ म्हणजे बी-८ आणि आयबाखच्या स्प्रिंग एकत्र. उंची न बदलता नुसता बी-६ सारखा चांगला शॉकअप ही माझ्या मते आपल्या रस्त्यांसाठी सगळ्यात शहाणी खरेदी. हे ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो.

११. स्प्रिंगचा एक वेढा कापला तर फुकटात काम होतं म्हणतात?

ज्या शहरात शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत अर्धा गाव काम करतो, तिथे टेम्पर म्हणजे काय हे सांगायला नको. गॅसने कापलेल्या किंवा गरम करून बसवलेल्या स्प्रिंगचा तिथला टेम्पर जातो. तिथूनच ती बसत जाते किंवा तुटते. ग्राइंडरने कापली तरी टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक लोंबलं की स्प्रिंग जागेवरून सुटते. वेढे कमी झाल्यावर स्प्रिंग कडक होते हे खरं, पण शॉकअप जुनाच. नको.

१२. कॉइलओव्हर घेतोय. "पुढे ५ किलोची स्प्रिंग" म्हणतात, ती रस्त्याला चालेल का?

कॉइलओव्हर म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोडसंच. ५ किलो म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला ५ किलो वजन. आता हिशेब. हॅचबॅकच्या पुढच्या एका कोपऱ्यावर, चाक-ब्रेकचं वजन सोडून, समजा ३१० किलो भार आहे. त्यावर मिलिमीटरला २.१ किलोची स्प्रिंग असेल तर गाडी सेकंदाला १.३ वेळा हेलकावेल. हा साधारण आरामशीर घरगुती गाडीचा आकडा. ५ किलोची टाकली तर तो २ वर जातो, म्हणजे ट्रॅकच्या हद्दीत. रस्त्यावरच्या खेळकर गाडीला मी १.५ ते १.७ च्या मध्ये राहायला सांगतो. वरच्या उदाहरणात म्हणजे पावणेतीन ते साडेतीन किलो.

इथे एक फसगत आहे. मॅकफर्सनमध्ये स्प्रिंग जवळपास चाकाइतकीच हलते. दुहेरी विशबोनच्या (चाकाला वर-खाली दोन आर्म असलेल्या) गाडीत ती चाकाच्या ०.७ पटच हलत असेल, तर चाकाला जाणवणारा कडकपणा ०.७ च्या वर्गाएवढा, म्हणजे निम्मा. म्हणून मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

कॉइलओव्हर उंची बदलता येते म्हणून विकले जातात. खरं तर विचारायचं हे: उंची बदलताना स्प्रिंग दाबली जाते, की शॉकअपची खालची नळी वरखाली होते? खालची नळी सरकणारी रचना असेल तर उंची बदलली तरी शॉकअपची हालचाल तेवढीच राहते. आणि सुटे भाग, सील, दुरुस्ती कुठे मिळेल हे आधी विचारा. आपल्या मातीत-पाण्यात त्या उंचीच्या रिंगा दोन पावसाळ्यांत जाम होतात. दर सहा महिन्यांनी धुऊन अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीस) लावा.

१३. मोनोट्यूब घेऊ की ट्विन ट्यूब?

मोनोट्यूब म्हणजे एकाच नळीचा शॉकअप, ट्विन ट्यूब म्हणजे नळीत नळी. मोनोट्यूबमध्ये जास्त दाबाचा वायू वेगळ्या कप्प्यात असतो, तेलात फेस होत नाही, उष्णता लवकर बाहेर जाते. लांब घाट जोरात उतरताना फरक कळतो. पण तिची एकच नळी दगडाने चेपली की पिस्टन अडकतो. चांगली ट्विन ट्यूब वाईट मोनोट्यूबपेक्षा केव्हाही बरी. नावापेक्षा तुमच्या गाडीसाठी ती बनवली आहे का, ते बघा.

१४. वळणात गाडी बाहेर पळते, नाक आत घेत नाही. स्टॅबिलायझर बार जाड टाकू का?

हा बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून वळणातला झुकाव कमी करणारा आडवा दांडा. आधी टायर, हवा आणि अलाइनमेंट बघा (उत्तरं ५, ८, १६). ते ठीक असेल तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मागचा बार जाड करतात, पुढचा नव्हे. मागे थोडं कडक केलं की मागचा भाग वळायला मदत करतो.

बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २० चा २२ मिलिमीटर केला तर नुसते दोन मिलिमीटर वाटतात. कडकपणा ४६ टक्के वाढतो. एक पायरी पुरे. आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकना मागे दोन्ही चाकं जोडणारा आडवा ट्विस्ट बीम असतो. त्यांना बीमच्या आत बसणारा वेगळा बार येतो. आणि घाटात ॲक्सिलरेटर एकदम सोडायची सवय असेल तर हा बदल करू नका. पाऊस पडत असेल तेव्हा मागचा भाग पहिल्यांदा तुम्हालाच भेटायला येईल.

१५. पॉलियुरेथेनचे बुश चांगले का?

स्टिअरिंग टोकदार होतं, आवाज आणि थरथर आत येते. पुढच्या लोअर आर्मच्या मागच्या बुशला टाकले तर फायदा दिसतो. सगळीकडे टाकले तर गाडी बैलगाडी. मी रोजच्या गाडीला कंपनीचे रबरी बुशच टाकतो.

रबरी बुश बसवताना एक गोष्ट मेकॅनिकला सांगाच: बोल्ट शेवटी आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. गाडी जॅकवर लोंबकळत असताना आवळले तर खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं. "नवे बुश लगेच गेले" या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा हेच.

१६. अलाइनमेंटला काय आकडे द्यायला सांगू?

मॅन्युअलच्या मर्यादेतले, आणि डावा-उजवा सारखा. मशीनवर हिरवा रंग आला की काम झालं असं नाही. हिरव्याचा पट्टा रुंद असतो. डावीकडे उणे १.२ आणि उजवीकडे उणे ०.३ कॅम्बर, दोन्ही हिरवे, तरी गाडी ओढणारच.

हौसेने चालवणाऱ्याला पुढे उणे १ ते उणे दीड अंश कॅम्बर चालतो. बऱ्याच गाड्यांत तो बदलता येत नाही; कॅम्बर बोल्ट घालावा लागतो. टोबद्दल (वरून पाहिलं तर चाक सरळ रेषेपासून किती आत-बाहेर वळलंय ते) मात्र काटेकोर राहा. ०.२ अंश टो म्हणजे हिशेबाने चाक किलोमीटरमागे साडेतीन मीटर आडवं ओढलं जातं. टायर आतून का खाल्ला गेला, याचं उत्तर बहुतेकदा कॅम्बरऐवजी इथेच सापडतं.

स्प्रिंग, शॉकअप, आर्म, टाय रॉड, काहीही उघडलं की अलाइनमेंट पुन्हा. नव्या स्प्रिंग चार-पाचशे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, मग एकदा आणखी.

१७. उद्यमनगरात लेथवर स्पेसर टर्न करून घेऊ का?

लेथवाल्यांच्या हातात कसब आहे, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न कसबाचा नसून धातूचा आणि रचनेचा आहे. कुठल्यातरी स्क्रॅप प्लेटचा, हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) नीट न बसणारा स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणारी चकती, म्हणजे गाडीचं सगळं वजन बोल्टवर. पाच मिलिमीटरचा स्पेसर टाकून मूळ बोल्टच ठेवले तर आटे तेवढेच कमी पकडतात.

शिवाय चाक बाहेर सरकलं की बेअरिंगवर ताण वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटका देतं. योग्य ऑफसेटचा रिम घेतला तर स्पेसर लागतच नाही. मधल्या भोकाची रिंग मात्र लेथवर खुशाल करून घ्या, माप अचूक दिलंत तर. आणि अलॉय बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनी बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा.

१८. आरटीओ आणि विम्याचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

कंपनीच्या मापाचाच दुसऱ्या कंपनीचा शॉकअप किंवा टायर हा घासलेला भाग बदलणं झालं. कमानीबाहेर आलेली चाकं, जमिनीला टेकणारी गाडी हा वेगळा विषय. कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला दिलेलं टायरचं माप निवडलं तर वादाला जागा कमी राहते. मोठा बदल केला असेल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरला तो दिसणारच आहे.

१९. सेकंडहँड बीएमडब्ल्यू घेतली, तिला रनफ्लॅट आहेत आणि फार आदळते. साधे टायर टाकू का?

टाका, गाडी बदलल्यासारखी वाटेल. रनफ्लॅटची भिंत कडक असते, म्हणून हवा गेल्यावरही साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं. साधे टाकले की ती सोय गेली, आणि अशा गाड्यांत सहसा स्टेपनी नसते. त्यामुळे पंक्चर किट, छोटा कॉम्प्रेसर डिकीत हवाच. हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा चालू असल्याची खात्री करा. चारही एकदम बदला. दोन रनफ्लॅट, दोन साधे असं मिश्रण नको.

पंक्चर नक्षीच्या मधल्या भागात आणि ६ मिलिमीटरपर्यंत असेल तर आतून मशरूम (छत्रीसारखा पॅच) लावून घ्या. भिंतीला टेंगूळ आलं असेल तर आतले धागे तुटलेत. त्या टायरवर घाट उतरू नका.

२०. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर आहेत. अदलाबदल कशी करू?

करता येत नाही. झिजतील तसे जोडीने बदला. बाणाची खूण असलेला टायर बाजू बदलून लावायचा नाही. चारही चाकांवर चालणारी गाडी असेल तर चारही टायरची झीज जवळपास सारखी ठेवा, नाहीतर डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) सतत झुंजत राहतो.

२१. वर्षातून एकदा कोइमतूरला कारी स्पीडवेवर जायचंय. त्यासाठी सस्पेन्शन कडक करू का?

एका दिवसासाठी ३६४ दिवस हाल कशाला? जुन्या रिमचा दुसरा संच घ्या, त्यावर ट्रॅकचे टायर चढवा. ब्रेक ऑइल आणि पॅड बदला. ट्रॅकच्या फेरीची वेळ सस्पेन्शनपेक्षा त्यानेच जास्त कमी होते. ते टायर ट्रॅकवरच बदलायचे. महामार्गाने पावसात त्यांच्यावर जायचं नाही, कारण ५ व्या उत्तरात.

२२. गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. इंजिन ठीक आहे. सस्पेन्शनचं काय बघू?

२०१९ आणि २०२१ नंतर हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. इंजिन सुरू झालं की लोक सुटलो म्हणतात. चाकांचे बेअरिंग मात्र महिना-दोन महिन्यांनी घोंगावायला लागतात, कारण पाणी आणि गाळ सीलमधून आत गेलेला असतो.

गाडी रॅम्पवर घेऊन चारही चाकं काढा. शॉकअपची धुळीची टोपी वर सरकवून दांडी साध्या पाण्याने धुवा; गाळ राहिला तर दांडीला ओरखडे पडतात आणि सील जातं. स्प्रिंगच्या खालच्या वाटीत साचलेला गाळ खरवडून काढा, नाहीतर तिथे गंज धरून शेवटचा वेढा तुटतो. स्टिअरिंग वळवताना स्ट्रटच्या वर कुरकुर आली तर वरचं बेअरिंग बदला. स्टिअरिंग रॅकच्या दोन्ही बाजूंच्या रबरी टोप्या फाटल्या आहेत का बघा. त्यात पाणी असेल तर टोपी काढून निथळवा, ग्रीस भरा. टायर आतून-बाहेरून धुवा, पाण्यात मिसळलेलं डिझेल-तेल रबराला लागलेलं असतं. रिमच्या आतला गाळ न काढता बॅलन्सिंग केलं तर पैसे पाण्यात. यातलं काहीही आठवडाभर पुढे ढकलू नका. पंचगंगेचा गाळ वाळला की सिमेंटसारखा बसतो.